बाईंच्या वहीतला डिसेंबर

फलटणचं ते घर आम्ही एकच गोष्ट मनात धरून बांधलं होतं: वर्षभरात घर जेवढी वीज वापरेल, तेवढी त्याच्याच गच्चीवर तयार व्हायला हवी. घरात दोघंच, निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे पती. आधी गरज कमी केली. पश्चिमेला झोपायची खोली न ठेवता जिना आणि कोठीची खोली घेतली, म्हणजे दुपारची तापलेली भिंत झोपेपर्यंत पोचत नाही. 75 वॅटचे पंखे टाळून 30 वॅटच्या आसपासचे, कमी वीज खाणाऱ्या मोटरचे बीएलडीसी पंखे लावले. मग गच्चीवर 540 वॅटची सहा पॅनेल पुरेशी होती. माझ्या मते सौरघर पॅनेलपासून नाही, भिंतीपासून सुरू होतं.

डिसेंबरात बाईंचा फोन आला. "जरा येऊन जाल का? काहीतरी चुकतंय."

पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरवर दिवसभरात तयार झालेल्या विजेचा आकडा दिसतो; बाई तो रोज संध्याकाळी वहीत लिहीत. आभाळ निरभ्र, हवा गार, म्हणजे पॅनेलही कमी तापून जास्त वीज देणार. दिवसाला 13 युनिट तरी हवीत. वहीत दहा, साडेनऊ, दहा. धूळ असेल असं मी फोनवर म्हणालो होतो. "पॅनेल मी स्वतः पुसलीत," बाई म्हणाल्या.

दुपारी तीनला गच्चीवर गेलो आणि पाहताक्षणी कळलं. नैऋत्य कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीची सावली शेवटच्या दोन पॅनेलवर आडवी पडली होती. वास्तूप्रमाणे टाकी नैऋत्येलाच हवी, हा त्यांचा आग्रह मी मानला होता. पण जागेची पाहणी केली होती मे महिन्यात. तेव्हा फलटणला भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायातच राहते. डिसेंबरात तो दक्षिणेला इतका कलतो की तीन मीटर उंचीच्या टाकीची सावली तीन वाजता चार मीटरच्या पुढे जाते. पॅनेल माळेसारखी जोडलेली असतात, दोन झाकली की फटका साऱ्या माळेला बसतो. सावलीचा नकाशा वर्षभराचा काढायला हवा होता. तो मी काढला नव्हता, आणि हे त्या दोघांना तिथेच सांगितलं.

घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या नेट मीटरवर जादा युनिट पुढच्या बिलात जमा होतात, आर्थिक वर्ष संपलं की हिशेब मिटतो. पावसाळ्यात ढगांमुळे उत्पादन घटतं, ती तूट या कोरड्या महिन्यांतच भरायची असते. म्हणून पॅनेल हलवणं भाग होतं. मोकळी जागा आग्नेयेला होती, पण ती बाईंनी वाळवणासाठी मागून घेतलेली. विचारायला मला जड गेलं.

"आग्नेय म्हणजे अग्नीचीच दिशा," त्या म्हणाल्या. "पापड काय, अंगणातही वाळतील."

पुढच्या आठवड्यात फिटरला घेऊन गेलो. बाईंनी कपड्यांची दोरी आधीच सोडून, गुंडाळून ठेवली होती. संध्याकाळी वही उघडून त्या इन्व्हर्टरपाशी उभ्याच होत्या.