बिल पाचने भागा

घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या विनोदी मालिकेचा सेट आहे. वाघबीळचा भाड्याचा फ्लॅट आणि त्यात राहणारे सहा मित्र. मी एपिसोड डायरेक्टर. त्या दिवशीचा मोठा सीन होता तो सहांपैकी एकीने घर सोडण्याचा. तिच्या वडिलांचं चिपळूणला मेडिकल आहे. त्यांना आता दुकानात उभं राहवत नाही, आणि नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय मेडिकल चालवता येत नाही. मुलगी बी.फार्म. आहे, आणि महापेच्या कंपनीत तिला नुकतंच वरचं पद मिळालंय. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, कुणी खलनायक नाही. अशीच निवड पडद्यावर टिकते.

कागदावर सीन असा होता: ती उभी राहून सांगते, मग पाचही जण पाळीपाळीने एकेक वाक्य बोलतात. वाचनातच सीन पडला. प्रत्येकाच्या वाट्याला ओळ आली की कुणी ऐकत नाही, जो तो आपल्या क्यूची वाट बघतो. त्यात शेवटी ‘वातावरण हलकं करायला’ एक पंच. भावनेनंतर आलेला पंच त्या भावनेची माफी मागितल्यासारखा वाटतो. विनोद आधी हवा, नाहीतर त्याच वाक्यात हवा.

लेखकाशी फोनवर बोलून प्रसंग बदलला. सगळे लाइट बिल वाटून घेतायत. बिल २,३४० रुपये, सहाने भागून ३९०. कुणाचा एसी, कुणाचा गीझर यावर रोजची भांडणं चालू. त्यातच ती वाटीतली शेव उचलत म्हणते, ‘पुढच्या महिन्यापासून पाचने भागा.’ कुणाचं लक्षच नाही. हिशोबी मित्र मात्र सवयीने मोबाइलवर भागाकार करतो: ‘चारशे अडुसष्ट. म्हणजे माझे अठ्ठ्याहत्तर वाढले.’ इथे हशा येतो. आणि आपण काय बोललो हे त्याला बोलून झाल्यावर कळतं.

आकडे मुद्दाम असे धरले की दोन्ही भागाकार पूर्ण सुटावेत. पैसे उरले असते तर नटाची जीभ पॉइंटवर अडखळली असती आणि टायमिंग गेलं असतं.

तीन कॅमेरे लावले. एक मास्टरवर, म्हणजे सगळे एकत्र दिसतात त्या फ्रेमवर, एक तिच्यावर, तिसरा हिशोबी मित्रावर. एरवी मास्टर घेऊन मग क्लोज घेतो, पण इथे सगळं एकदमच हवं होतं. भांडणात संवाद एकमेकांवर चढतात. ते वेगवेगळे घेतले तर एडिटला जुळत नाहीत, कारण एकाच्या लेपलवर, म्हणजे कपड्याला लावलेल्या माइकवर, दुसऱ्याचा आवाज असतो.

टेक लागणार तेवढ्यात पत्र्यावर पाऊस कोसळला. अशा वेळी घाईने टेक मारून डबिंगवर सोडतात. इथे ते चाललं नसतं, कारण चढलेले संवाद आणि मधली शांतता डबिंगमध्ये पुन्हा तशी मिळत नाही. म्हणून पावसात आवाज न लागणारे म्यूट शॉट्स उरकले: बिल, मोबाइलची स्क्रीन, शेवेची वाटी. वाटीच्या कंटिन्युइटीसाठी, म्हणजे सगळ्या शॉट्समध्ये ती जुळावी म्हणून, शेव किती उरली याचा फोटो काढून ठेवला. शेव मऊ घेतली होती, कारण कुरकुरीत शेव चावल्याचा आवाज संवाद खातो.

पाऊस थांबला आणि सीन सलग मिळाला. हिशोबी मित्राचं काम करणाऱ्या नटाला एवढंच सांगितलं होतं की आकडा बोलल्यावर वर बघू नकोस, स्क्रीनवरच राहा. त्याने अंगठ्याने आकडा पुसला आणि पुन्हा सहाने भागायला घेतलं. हे कागदावर नव्हतं. इतकी वर्षं फक्त पैसे मोजणारा मुलगा तिथे मोठा झालेला दिसला, आणि त्यासाठी त्याला एकही संवाद लागला नाही.

एडिटला चिठ्ठी गेली: ‘अठ्ठ्याहत्तर’नंतर दोन सेकंद, म्हणजे पन्नास फ्रेम, तशाच ठेवा, खाली म्युझिक नको, ब्रेक तिथेच. पुढच्या एपिसोडला डिपॉझिटमधला तिचा सहावा हिस्सा कोण देणार यावरून भांडण आहे, आणि त्यात तिची बाजू तोच हिशोबी मित्र घेतो.