चुकीच्या कपाटातलं पुस्तक

'या कादंबरीतील सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत.' शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला, बारीक टायपात छापलेली ही ओळ मी त्या शनिवारी दुपारी तीन वाजता वाचली. चार वाजता आमची वाचक-बैठक होती. मधल्या तासाभरात मी जे करायला हवं होतं ते केलं नाही, आणि ते काही केल्या मनातून जात नाही.

मी ग्रंथपाल आहे. आमचं काम म्हणजे पुस्तकं द्यायची, परत घ्यायची आणि उशीर झाला की दंड लावायचा, असं बहुतेकांना वाटतं. खरं काम पुस्तक वाचकाच्या हाती पडण्याआधीच होऊन गेलेलं असतं. ते कुठल्या कपाटात जाणार हे ठरवणं, ते काम. ड्यूई पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे देण्याच्या रीतीत, मराठी कादंबरी ८९१.४६३ वर जाते, चरित्र-आत्मचरित्र ९२० वर. आमच्याकडे या दोन आकड्यांच्या मध्ये एक जिना आहे. कादंबऱ्या खाली, चरित्रं वर. जो जिना चढून वर जातो तो 'हे घडलेलं आहे' असं धरूनच पुस्तक उघडतो.

हा आकडा, म्हणजे वर्गांक, देताना शीर्षकपान, त्याची मागची बाजू, अनुक्रम आणि प्रस्तावना, एवढं तरी पाहायचंच असतं. वेष्टनावर विसंबायचं नाही, ते विक्रीसाठी असतं. मला हे दटावून शिकवलं गेलं आणि मीही तसंच शिकवते. पण आता तयार नोंदी मिळतात. दुसऱ्या कुणीतरी केलेली नोंद संगणकावर उतरवून घ्यायची, लेबल छापायचं, चिकटवायचं. पुस्तक उघडावंच लागत नाही. या पुस्तकाच्या वेष्टनावर 'एका बापाचं मनोगत' एवढंच होतं, 'कादंबरी' हा शब्द नव्हता. (काही प्रकाशक तो मुद्दाम गाळतात असं माझं मत आहे. घडलेल्या दुःखाला मागणी जास्त.) तयार नोंदीत ९२० होतं. सहायकाने ते जसंच्या तसं घेतलं. पण तपासणीची सही माझी आहे.

पुस्तकात मुलगा गेल्यानंतरचं वर्ष आहे. बाप बोलतो. रडण्याचे प्रसंग जवळजवळ नाहीतच. दर रविवारी सकाळी तो मुलाची सायकल अंगणात उलटी उभी करतो, साखळी पुसतो, कडीकडीवर तेलाचा थेंब सोडतो, पेडल हाताने फिरवून पाहतो आणि सायकल पुन्हा जागेवर लावतो. ती सायकल कुणीही चालवत नाही.

हे पुस्तक मी एका काकूंच्या हातात स्वतः ठेवलं होतं. त्यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर त्या ग्रंथालयात येत, पण पुस्तक न घेताच परत जात. 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा १९३१ सालचा सिद्धांत आम्ही परीक्षेसाठी पाठ करतो. पण तो कामात खरा ठरतो तेव्हा जो आनंद होतो, तो दुसऱ्या कशात नाही. आठ दिवसांनी त्या आल्या आणि काउंटरवर वाकून हळूच म्हणाल्या, "मी त्याचा फोन अजून रोज रात्री चार्जिंगला लावते. मला वाटायचं, माझं डोकं फिरलंय." एवढंच. मला त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही.

म्हणून मी ते पुस्तक बैठकीला लावलं.

शनिवारी तीनला काकू लवकर आल्या. हातात जाड पाकीट होतं. लेखकाला सहा पानी पत्र लिहिलं होतं, ते पाठवायला प्रकाशकाचा पत्ता हवा होता. मी पत्त्यासाठी शीर्षकपान उलटलं आणि ती ओळ दिसली. "शोधून ठेवते," म्हणून मी पाकीट ठेवून घेतलं.

त्यांना बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. मी स्वतःला समजावलं की चूक ग्रंथालयाची आहे, तर ती सगळ्यांना एकदमच कळावी, तेच रीतसर. खरी गोष्ट अशी की त्यांच्या एकटीच्या समोर बसून सांगायची मला भीती वाटली. चौदा जणांत सांगणं सोपं होतं.

बैठकीत पहिला अर्धा तास मी बोललेच नाही, तेही चुकलं. घडलेल्या दुःखाची हकीकत म्हणून एखादं पुस्तक वाचलं की वाचक लगेच न्यायाला बसतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "दवाखान्यातलं इतकं उघड लिहिण्याआधी बायकोला विचारलं होतं का यांनी?" एका बाईंनी बाप सध्या दुःखाच्या, नकारापासून स्वीकारापर्यंतच्या, पाच पायऱ्यांपैकी कितवीवर आहे ते मांडायला सुरुवात केली. या पायऱ्या मला बैठकीत सहन होत नाहीत. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणाला टेकलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांच्या गळ्यात त्या नंतर बांधल्या गेल्या. ते सांगता सांगताच मला तोंड फुटलं आणि मी एका दमात सांगून टाकलं, की ही कादंबरी आहे, लेबल चुकलंय, चूक आमची.

पुढच्या पाच मिनिटांत पुस्तकाचं एक अक्षरही बदललं नव्हतं, पण खोलीतलं पुस्तक पार बदललं. निवृत्त शिक्षक म्हणाले, "मग ठीक आहे. कादंबरी म्हणून उत्तमच." दवाखान्यातला उघडेपणा आता त्यांना धाडस वाटू लागला. एक कॉलेजातला मुलगा तोवर गप्प होता. तो उत्साहाने म्हणाला, "मग शेवटी बापाने सायकल कुणाला तरी द्यायला हवी होती, परिणाम वाढला असता." चांगला मुलगा आहे, वाचतोही भरपूर. पण मला चटका बसला. दहा मिनिटांपूर्वी त्या सायकलीला हात लावायची कुणाची छाती झाली नसती.

आणि काकू म्हणाल्या, "म्हणजे सायकलीला तेल कुणीच घातलं नाही?"

कुणी काही बोललं नाही. मग एका मुलीने, बहुधा त्यांच्या मदतीलाच, विचारलं, "मॅडम, 'श्यामची आई' आपल्याकडे कुठे आहे?" खाली आहे, कादंबऱ्यांत. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ती लिहिली. आई त्यांची स्वतःची, पण पुस्तकातल्या मुलाचं नाव श्याम. बेचाळीस रात्री तो गोष्ट सांगतो आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक रडतात. ही आई खरंच होऊन गेली का, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. बैठकीने हा धागा उत्साहाने उचलला. काकूंनी पिशवी उचलली.

मी जिन्यात त्यांना गाठलं. काहीतरी आधाराचं बोलायचं म्हणून लुईस या इंग्रजी लेखकाची हकीकत सांगितली. पत्नी गेल्यावरची टिपणं सी. एस. लुईस यांनी १९६१ साली टोपणनावाने छापली. लिहिणारा कोण हे ठाऊक नसल्यामुळे, तुम्हाला धीर येईल असं म्हणत लोकांनी ते पुस्तक त्यांनाच सुचवलं होतं. मला म्हणायचं होतं की वरचं नाव खोटं असून आतलं खरं असू शकतं.

काकूंनी पूर्ण ऐकून घेतलं. "त्यांची बायको खरंच गेली होती ना?" त्यांनी विचारलं. "मग नाव कुठलंही असू दे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. साहित्यातलं सत्य वेगळं असतं, हे मी शंभर वेळा बोलले आहे. पण त्यांना साहित्य नको होतं. आपल्यासारखं वागणारं आणखी एक माणूस जगात कुठेतरी आहे, एवढंच हवं होतं. ते मी त्यांना मिळवून दिलं आणि चौदा जणांसमोर काढून घेतलं. ज्या लेखकाला कडीकडीवरचा थेंब दिसला, त्याने काहीतरी सोसलेलं असणारच, असं मला आतून वाटतं. मी तसं त्यांना म्हटलं नाही. ते मला माहीत नाही, आणि त्यांना पुन्हा न तपासलेली गोष्ट सांगायची माझी हिंमत झाली नाही.

"पत्राचं काय करू?" मी विचारलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या आणि उतरून गेल्या.

सोमवारी मी नोंद दुरुस्त केली. जुनं लेबल सहजी निघत नाही. ओल्या फडक्याने भिजवून नखाने खरवडावं लागतं, तरी पाठीवर कागदाचा पांढरा ओरखडा राहतोच. त्यावर ८९१.४६३ चिकटवलं आणि पुस्तक खाली नेऊन ठेवलं. सहायकाला बोलवून चार पानं पुन्हा शिकवली.

काकू त्यानंतर आलेल्या नाहीत. फोन करायला दोनदा हात गेला. 'राहू दे' म्हणजे पाठवू नको की तुझ्याकडेच ठेव, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पत्र माझ्या खणात आहे. पाकिटावर त्यांच्या अक्षरात 'लेखकास, सप्रेम' एवढंच आहे आणि खाली पत्त्यासाठी जागा सोडली आहे.