एकाच अंगणातली दोन करपलेली पाने

गेल्या वैशाखात एका सकाळी मी अंगणातून दोन पाने तोडून आणली आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एक कागदी लिंबाचे होते, दुसरे आंब्याचे. दोन्ही करपलेली होती, आणि तोवर माझ्या लेखी दोन्ही झाडांचे दुखणे एकच होते: खत कमी पडते आहे. आमचे घर सोलापूर शहराच्या कडेला आहे, जमीन काळी आणि चुनखडीची आहे, पाणी बोअरचे आहे. या तीन गोष्टींत रोगाचे बहुतेक निदान आधीच लिहिलेले होते, पण ते वाचण्याआधी मी दोन्ही झाडांच्या आळ्यांत एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे विद्राव्य खत दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा ओतून बसलो होतो. त्यानंतर आंब्याच्या पानांच्या कडा आणखी आतपर्यंत करपल्या आणि लिंबाची नवी पालवी आणखी फिकट निघाली.

शेजारी ठेवल्यावर दिसले की ही पाने एकसारखी करपलेली नाहीत. लिंबाचे पान फांदीच्या शेंड्याचे, कोवळे होते. शिरा हिरव्या, शिरांमधला भाग जवळजवळ पांढरट पिवळा, आणि तपकिरी रंग फक्त टोकाला, तोही अगदी शेवटी आलेला. आंब्याचे पान मात्र खालच्या फांदीचे, जुने होते. मधला भाग व्यवस्थित हिरवा आणि कडेची पट्टी टोकापासून दोन्ही बाजूंनी विटकरी, वाळलेली, बोटाने दाबली तर मोडणारी. निदानाची सुरुवात रंगापासून न करता, आधी कोणते पान बिघडले, नवे की जुने, या प्रश्नापासून करायची असते, हे मला त्या टेबलावर समजले.

याचे कारण झाडाच्या आतल्या वाहतुकीत आहे. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाडाला जुन्या पानांतून काढून नव्या पालवीकडे पाठवता येतात, त्यामुळे त्यांची टंचाई झाली की आधी म्हातारी पाने उपाशी राहतात. लोह, मंगल (मँगनीज), बोरॉन आणि कॅल्शियम एकदा पानात बसले की तिथून सहसा हलत नाहीत. त्यांची टंचाई असेल तर जुनी पाने हिरवीगार राहतात आणि नवी पालवीच जन्मतः फिकट येते. नत्र कमी पडले तर जुने पान सगळे सारखे पिवळे होते. पालाश कमी पडले तर जुन्या पानाची कड करपते. लिंबात मॅग्नेशियम कमी असेल तर जुन्या पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण उरतो आणि बाकीचे पान पिवळे पडते. जस्त कमी असेल तर शेंड्याची पाने आखूड, अरुंद आणि चट्ट्याचट्ट्यांनी पिवळी येतात. एवढे ध्यानात ठेवले तरी माळावरच्या निम्म्या झाडांशी बोलता येते.

लिंबाचे लक्षण लोहाचे होते. आपल्याकडे शेतकरी याला केवडा पडणे म्हणतात, आणि पावसाळ्यात चुनखडीच्या रानातला भुईमूग पिवळा पडलेला ज्याने पाहिला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. जमिनीत लोह नाही, असे मात्र इथे कधीच नसते. दख्खनची काळी माती ज्या बेसाल्टपासून झाली त्यातच लोह भरपूर आहे. अडचण सामूची, म्हणजे मातीच्या पीएचची आहे. सामू साडेसातच्या पुढे गेला की लोह मुळांना शोषता येईल अशा रूपात फारसे राहत नाही. मी पुढे माती तपासून घेतली तेव्हा सामू ८.३ निघाला आणि उपलब्ध लोह दशलक्षांत ५.१ भाग, म्हणजे ४.५ या प्रचलित मर्यादेच्या किंचित वरच. अहवाल म्हणत होता की लोह पुरेसे आहे आणि झाड म्हणत होते की नाही. मी झाडावर विश्वास ठेवला.

विश्वास ठेवला तरी खात्री करायची एक जुनी आणि अगदी स्वस्त रीत आहे. फ्रान्समध्ये एझेब ग्री यांनी १८४० च्या दशकात लोहाच्या क्षाराने पिवळी पाने हिरवी करून दाखवली होती, त्याचेच हे घरगुती रूप. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल घालून, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, तीन-चार पिवळ्या पानांचा फक्त उजवा अर्धा भाग मी ब्रशने रंगवला आणि डावा तसाच ठेवला. आठ-दहा दिवसांनी उजव्या बाजूवर हिरवे ठिपके आणि डाग उमटले, डावी बाजू होती तशीच राहिली. अर्धे पान हिरवे झालेले पाहून मला जो आनंद झाला तो घरातल्या कोणालाही समजावता आला नाही.

हिराकस मुळाशी टाकण्याचा मोह इथे सगळ्यांना होतो, मलाही झाला. चुनखडीत ते काही दिवसांतच गंजासारखे होऊन बसते आणि झाडाच्या उपयोगाचे राहत नाही. चिलेटेड लोहातही, म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेल्या लोहातही, फरक असतो: ईडीटीए स्वरूपातले लोह सामू साडेसहाच्या वर गेला की मातीत टिकत नाही, ईडीडीएचए स्वरूपातले चुनखडीतही टिकते, म्हणून ते महाग असते. पाकिटावर हे अक्षर न वाचता घेतलेले चिलेट आमच्या मातीत टाकणे म्हणजे पैसे आळ्यात पुरणे.

पण लिंबाला लोह का मिळत नव्हते, याचे पूर्ण उत्तर सामूत नव्हते. मी कुदळीने आळ्याच्या कडेला वीतभर खणले तेव्हा आतली माती चिकट, थंड आणि किंचित कुबट वासाची लागली, पांढरी मुळे जवळजवळ नव्हती, आणि होती ती तपकिरी, बोटाने चोळली की साल सुटणारी. उन्हाळा आहे म्हणून मी रोज दोन बादल्या पाणी देत होतो. वरची माती दुपारपर्यंत भेगाळायची म्हणून झाड तहानलेले वाटायचे, आणि खाली मात्र जमिनीला वाफसा, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असलेली स्थिती, कधी येतच नव्हता. सतत ओल्या चुनखडीच्या मातीत मुळांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड अडकून राहतो, चुन्याशी मिळून बायकार्बोनेट तयार होते, आणि तेच लोह शोषण्याच्या आड येते. म्हणजे मी पाण्याने केवडा आणला होता आणि खताने तो घालवू पाहत होतो.

आंब्याची कथा वेगळी आणि मला अधिक लाजवणारी आहे. जुन्या पानांच्या कडा करपल्या म्हणजे पालाश कमी, असे पुस्तकी उत्तर मी काढले होते आणि म्युरेट ऑफ पोटॅशची पिशवी आणायला निघालोही होतो. थांबलो ते आळ्याच्या कडेवरची पांढरी, मिठासारखी साय पाहून. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि आंब्याच्या कडा करपण्यामागे अनेकदा क्लोराइडच जास्त झालेले असते, ज्यामुळे झाडाला असलेला पालाशही नीट घेता येत नाही. तहानलेल्याला समुद्राचे पाणी पाजण्यासारखा तो प्रकार झाला असता. बोअरचे पाणी तपासले तेव्हा त्याची विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप, २.१ डेसीसायमन प्रति मीटर निघाली, ०.७ पर्यंत सिंचनाला चिंता नसते आणि ३ च्या पुढे प्रश्न गंभीर होतो. हा आकडा कागदावर निरुपद्रवी दिसतो, म्हणून मी हिशेब मांडला. १ डेसीसायमनला ढोबळमानाने लिटरमागे ६४० मिलिग्रॅम क्षार धरतात, म्हणजे आमच्या १५ लिटरच्या बादलीत सुमारे २० ग्रॅम. रोज दोन बादल्या धरल्या तर महिन्याला सव्वा किलोच्या आसपास क्षार मी एकेका आळ्यात हाताने टाकत होतो. पाणी झाड पिऊन टाकायचे किंवा उडून जायचे, क्षार मागे राहायचे. त्यावर दोनदा ओतलेले विद्राव्य खत हाही शेवटी क्षारच.

करपलेले प्रत्येक पान अन्नद्रव्याची तक्रार घेऊन येत नाही, हेही नोंदवून ठेवतो. कुंपणाजवळच्या जास्वंदीची पाने फक्त पश्चिमेच्या बाजूनेच पांढुरकी होऊन करपली होती. ते निव्वळ ऊन होते. मोगऱ्याची पाने धुळकट तपकिरी दिसत होती, ती पांढऱ्या कागदावर झटकली तेव्हा टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालू लागले. ते लाल कोळी. डागाभोवती पिवळे वलय असेल, आत गोल गोल रेषा असतील आणि शिरांची पर्वा न करता डाग कुठेही उठत असेल तर करपा या बुरशीच्या रोगाचा संशय घ्यावा. अन्नद्रव्यांच्या खुणा साधारणपणे पानाच्या दोन्ही अर्ध्यांवर सारख्या उमटतात, बुरशीला असा नेटकेपणा नसतो.

इंटरनेटवरचे दोन सल्ले मी आता हसून सोडून देतो. एक, अंड्याची टरफले आणि चुलीची राख घालण्याचा. ज्या मातीवर आम्ल टाकले की ती फसफसते, तिला आणखी चुना आणि आणखी अल्कधर्मी राख कशाला? दुसरा, प्रत्येक पिवळ्या पानावर एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, फवारण्याचा. बेसाल्टच्या काळ्या मातीत मॅग्नेशियम सहसा कमी नसते, आणि आमच्या अहवालातही ते कमी नव्हते.

उपाय म्हणून केले ते फार थोडे. आळ्यावरची पांढरी साय खरवडून कुंपणाबाहेर टाकली. रोजच्या बादल्या बंद करून, वीतभर खाली माती हातात घेऊन तिचा गोळा वळत नाही अशी झाल्यावरच, आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यायला लागलो, म्हणजे क्षार मुळांच्या खाली उतरतील. आळे बुंध्यापासून सरकवून फांद्यांच्या घेराखाली नेले, त्यावर वाळलेल्या पाल्याचे चार बोटे आच्छादन केले, आणि मृगाचा पाऊस लागताच आळ्यांच्या कडा एका बाजूने फोडल्या, जेणेकरून पाणी साचून न राहता वाहते राहील. गच्चीवरचे पावसाचे पाणी एका टाकीत घेतले, ते फक्त कुंड्यांसाठी. खत पाच महिने अजिबात दिले नाही. लिंबावर हिराकसाच्या दोन फवारण्या केल्या, बस.

नव्या पालवीच्या प्रत्येक खेपेला मी एका फांदीला रंगीत दोरा बांधतो, कारण सुधारणा मोजायची ती फक्त दोऱ्याच्या पुढच्या पानांवर. श्रावणातल्या दोऱ्यापुढची लिंबाची पाने हिरवी आली आहेत, शिरांसकट. आंब्याची नवी पाने अजून कोवळी तांबूस आहेत, त्यांच्या कडांबद्दल मार्गशीर्षाआधी काही म्हणता येणार नाही; जुनी करपलेली पाने मात्र गळेपर्यंत तशीच राहतील.