पाणी ओतून भागत नाही, भांडं घासावं लागतं

पावसाळा सुरू झाला की सोसायटीच्या ग्रुपवर एकच विचारणा सुरू होते: धुराची गाडी कधी येणार? धुराने मरतात ते उडणारे डास, आणि तेही त्या क्षणी धुराच्या वाटेत असतील तेवढेच. पिंपातल्या अळ्यांना त्या धुराचा पत्ताही नसतो; दोन-तीन दिवसांत नवे डास हजर. त्यात डेंगीचा डास बसतो घरात: पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीवरच्या कपड्यांच्या आड. बाहेरचा धूर तिथवर क्वचितच पोचतो. साथ पेटलेली असताना धूरफवारणीला अर्थ आहे. एरवी तेवढाच वेळ घरातलं आणि अंगणातलं पाणी तपासण्यात घालवलेला बरा. हा डास फार लांब उडत नाही, त्याचा सगळा संसार साधारण शंभर-दोनशे मीटरच्या आत असतो. आपल्याला चावणारा डास बहुधा आपल्याच किंवा शेजारच्या घरी जन्मलेला असतो.

पहिली गोष्ट म्हणजे डास कधी चावतात ते बघा. दिवसा, विशेषतः सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी, घोट्याला आणि पोटरीला चावत असतील आणि डासाच्या पायांवर पांढरे पट्टे दिसत असतील तर तो एडिस. डेंगी, चिकुनगुन्या आणि झिका पसरवणारा तो हाच. त्याला साठवलेलं, त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी लागतं. रात्री कानाशी गुणगुणणारे तपकिरी डास ढिगाने असतील तर ते क्युलेक्स. त्यांचं मूळ गटार, सेप्टिक टँक किंवा सांडपाण्याच्या डबक्यात. तिसरा हिवतापाचा ॲनोफिलिस. भिंतीवर तो पार्श्वभाग उचलून तिरका बसतो. शहरातली त्याची जात, ॲनोफिलिस स्टीफेन्सी, वाढते ती गच्चीवरच्या टाक्यांमध्ये आणि विहिरींमध्ये. डॉ. बेंटली यांनी 1911 मध्ये मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला तेव्हा त्यांनी या विहिरी-टाक्यांवरच बोट ठेवलं होतं. टाकी डासबंद असावी हा मुंबई महापालिकेचा आग्रह इतका जुना आहे. वेळ आणि जात कळली की अर्धी शोधाशोध वाचते. दिवसा चावणाऱ्या डासासाठी गटारात औषध ओतणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता मुद्द्याचं. एडिसची मादी अंडी पाण्यात घालत नाही. ती पाण्याच्या रेघेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर आतल्या भिंतीवर एकेक करून चिकटवते. अंडं मिलिमीटरपेक्षाही लहान, काळं, आणि इतकं घट्ट बसलेलं की पाण्याच्या धारेने निघत नाही. वाळलं तरी मरत नाही, कित्येक महिने तसंच तग धरतं. पुन्हा पाणी भरून तिथवर चढलं की अळी बाहेर. 'कोरडा दिवस', म्हणजे आठवड्यातून एकदा साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायचा दिवस, पाळूनही डास का होतात, याचं उत्तर इथे आहे. लोक पिंप उपडं करतात, पाणी ओततात, लगेच नवं भरतात. अळ्या गेल्या, पण भिंतीवरची अंडी जागच्या जागी राहिली. वर ताजं पाणी मिळालं.

म्हणून कोरड्या दिवसाचा खरा भाग आहे घासणं. पिंप आडवं करा. काथ्या किंवा खरखरीत ब्रश घ्या, भांड्याची पावडर टाका, आणि पाण्याच्या नेहमीच्या पातळीच्या वरचा वीतभर पट्टा गोल फिरून जोर लावून घासा. सिमेंटच्या हौदाला आणि रांजणाला जास्त वेळ द्या, कारण खडबडीत पृष्ठभागाच्या खाचांत अंडी दडतात. प्लास्टिकच्या ड्रमला तोंडाशी आतून वळलेली कड असते. तिच्या खालच्या बाजूने बोट फिरवून बघा, तिथे ब्रश पोचतच नाही. जुनी घासणी चिमटीत धरून ती कड पुसावी लागते. घासलेलं पाणी गटारात न सोडता कोरड्या जमिनीवर, उन्हात ओता. गटारात सोडलेली अळी पाण्यातच राहते. मग भांडं उपडं घालून पूर्ण वाळू द्या. हे आठवड्याच्या ठरलेल्या वारी व्हायला हवं. उबदार पावसाळी हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात आणि आधीपासून चिकटलेल्या अंड्यांचे तर पहिले दोन दिवस वाचलेले असतात. दहाव्या दिवशी घासलं तर उशीर झालेला असतो.

मराठवाड्यातल्या कित्येक गावांत आणि शहरांत नळाला पाणी चार-आठ दिवसांनी येतं. तिथे भरलेलं पिंप ओतून द्या म्हणणं हा शहाणपणा नव्हे. तिथे कोरडा दिवस म्हणजे पाणी यायचा दिवस. आदल्या रात्री सगळं पाणी एका-दोन भांड्यांत एकत्र करायचं, रिकामी झालेली घासून वाळवायची, आणि नळ आला की उरलेली घासायची. अळ्या दिसल्या तर पाणी दुहेरी सुती कापडातून दुसऱ्या घासलेल्या भांड्यात गाळायचं आणि कापड उन्हात झटकायचं. झाकणाऐवजी सुती धोतराचं कापड किंवा जुनी मच्छरदाणी चालते, पण ती ताणून, काठाखाली इलॅस्टिकने किंवा दोरीने आवळून बांधायला हवी. कापड मध्ये लोंबून पाण्याला टेकलं की ते ओलं राहतं आणि मादी वरूनच त्यावर अंडी घालते. नुसती फळी ठेवली तर कडेला फट राहते, आणि डासाला फट पुरते.

अळ्या आहेत की नाहीत हे कसं बघायचं? मोबाइलचा टॉर्च पाण्यावर धरला की सावलीने आणि हालचालीने त्या तळाला जातात आणि आपल्याला वाटतं पाणी साफ आहे. टॉर्च स्थिर धरून मिनिट-दोन मिनिटं थांबा. श्वास घ्यायला त्यांना वर यावंच लागतं. शेपटाकडची नळी पृष्ठभागाला लावून, डोकं खाली करून तिरकी लोंबकळते ती एडिसची किंवा क्युलेक्सची अळी. पृष्ठभागाला समांतर आडवी पडून राहते ती ॲनोफिलिसची. स्वल्पविरामासारखे वाकलेले, गोलांट्या उड्या मारत खाली जाणारे जीव दिसले तर ते कोष आहेत. ते काही खात नाहीत, एक-दोन दिवसांत त्यांतून डास उडणार. अशा पाण्यात औषध टाकून वाट बघू नका, ते त्याच घटकेला ओता किंवा गाळा. टेमिफॉस हे पाण्यात टाकायचं अळीनाशक कोषांवर फारसं चालत नाही, आणि बीटीआय हे जिवाणूपासून केलेलं औषध तर अळीने खाल्लं तरच काम करतं.

घरातल्या काही जागा कुणी बघतच नाही. फ्रिजच्या मागे खाली, कॉम्प्रेसरवर, एक ट्रे असतो. बर्फ वितळलेलं पाणी त्यात साठतं, कॉम्प्रेसरमुळे ते कोमट राहतं, आणि तिथे अंधार असतो. एडिसला आणखी काय हवं? फ्रिज बंद करून, प्लग काढून, भिंतीपासून ओढा. ट्रे सुटत नसेल तर स्पंजने पाणी टिपून आतली कड पुसा. एसीच्या पाण्याखाली ठेवलेली बादली, बाटलीतला मनी प्लांट, लकी बांबूचं काचेचं भांडं, कुंडीखालची बशी, या सगळ्यांना तोच आठवड्याचा नियम. बशीत जाड वाळू काठोकाठ भरली तर पाणी उघडं राहत नाही आणि कुंडीलाही ओल मिळते. दिवाळीला गावी जाताना कमोडचं झाकण लावा, न्हाणीघराच्या जाळीवर चमचाभर खाद्यतेल ओता, आणि वापरात नसलेल्या बादल्या उपड्या करून जा.

विदर्भात कूलर हा वेगळा विषय आहे. मार्च ते जून आठवड्याला एकदा टाकी रिकामी करून घासली जाते, निदान जायला हवी. पण खरा घोळ जूनच्या अखेरीस होतो. पाऊस पडला, गारवा आला, कूलर बंद केला आणि तळाशी चार बोटं पाणी ठेवून तसाच खिडकीत राहू दिला. मग पावसाचं पाणी त्यात भरत राहतं. कूलर बंद करायच्या दिवशीच तळाचं बूच काढा, टाकी आणि पंपाची जागा घासा, बाजूच्या जाळ्यांतलं गवत काढून टाका. त्या गवतावर अंडी असतात, पुढच्या वर्षी तेच लावू नका. मग कूलर वाळवून झाकून ठेवा.

गच्चीवरच्या टाकीचं झाकण उन्हाने तडकतं आणि मग वर दगड ठेवलेला प्लायवूडचा तुकडा येतो. नवं झाकण घ्या. पण झाकण चांगलं असलं तरी ओव्हरफ्लोचा पाइप आणि हवेचा पाइप उघडे असतात. दोन्हींच्या तोंडावर नायलॉनची बारीक जाळी दुहेरी करून जुबिली क्लिपने (स्क्रूने आवळायच्या पट्टीने) आवळा. ओव्हरफ्लोच्या जाळीत शेवाळ बसतं आणि पाणी झाकणातून सांडायला लागतं, त्यामुळे दर दोन महिन्यांनी ती धुवायची. टाकीपर्यंत पक्की शिडी हवीच. शिडी नसली की कुणी वर चढत नाही, आणि कुणी चढत नाही म्हणून कुणाला काही दिसत नाही.

रात्रीच्या डासांसाठी सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपकडे, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या उभ्या पाइपकडे जा. जुन्या मच्छरदाणीची पिशवी शिवून ती एका संध्याकाळी पाइपच्या तोंडाला सैल बांधा आणि सकाळी उघडा. पिशवीत डास बघितले की पुढचं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पाइपला कायमची जाळी नायलॉनची लावा. टाकीतल्या वायूंनी साधी लोखंडी जाळी लवकर गंजून जाते. नायलॉन उन्हाने कडक होऊन तुटतं, म्हणून दर पावसाळ्याआधी बदला. चेंबरच्या झाकणांच्या फटी सिमेंटने बुजवा. हे न करता गटाराकडेला पांढरी फकी मारत राहणं निरर्थक आहे. तिने वास जातो, अळ्या तशाच राहतात.

खेड्यात सांडपाण्याला उत्तर शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघरी खड्डे करून उघडी गटारंच बंद केली आणि डास हटवले. साधारण 4 फूट लांब, 4 फूट रुंद, 4 फूट खोल खड्डा. मध्ये सिमेंटची छोटी टाकी, तिला वरच्या भागात भोकं. भोवती दगड-विटांचे तुकडे, वर झाकण. गाळ टाकीत बसतो, वरचं पाणी भोकांतून दगडांत जाऊन जिरतं. बिघडतं ते दोन कारणांनी. भांड्यांचं खरकटं आणि तेलकटपणा थेट आत गेला की दगड चिकट होतात, म्हणून आत येणाऱ्या पाइपला जाळी हवी आणि टाकीतला गाळ वेळेवर उपसायला हवा. दुसरं म्हणजे काळी माती. ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं, मापाला चिकटून बसून चालत नाही. विहीर किंवा बोअर किमान 50 फूट लांब असावी.

जे पाणी ओतता येत नाही, म्हणजे गुरांची डोण, कमळाचं कुंड, बागेचा हौद, तिथे गप्पी मासे सोडा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते बहुधा मिळतात. नळाचं ताजं पाणी असेल तर क्लोरीन उडायला एक दिवस उघडं ठेवा, मग मासे सोडा, नाहीतर सकाळी मेलेले दिसतील. कडेचं शेवाळ आणि पाणवनस्पती काढत राहा, अळ्या त्यात लपतात आणि माशांना सापडत नाहीत. नदी, ओढा, नैसर्गिक तळं यांत मात्र हे मासे कधीही सोडू नका. ते दक्षिण अमेरिकेचे आहेत, भराभर वाढतात आणि आपल्याकडच्या लहान माशांना जगू देत नाहीत. डबक्यात जळकं ऑइल ओतणंही मला पटत नाही: अळ्या मरतात, पण माती आणि भूजलही खराब होतं. डबकं बुजवता किंवा वाहतं करता येत असेल तर ते आधी.

अंगणात टायर, करवंट्या, ताडपत्रीचे झोळ, कौलाखालच्या पन्हळीतली पानं, फाटकाच्या उघड्या लोखंडी पाइपाचं तोंड. पाइपात आणि झाडाच्या ढोलीत वाळू भरून टाका. कोकणात पोफळीखाली गळून पडलेल्या झावळ्यांचा बुंध्याकडचा खोलगट भाग पावसाने भरतो, तो गोळा करून उपडा रचा. शेजारी बांधकाम चालू असेल तर स्लॅब ओला ठेवायला त्यावर छोटे बांध घालून साठवलेलं पाणी आणि लिफ्टचा खड्डा यांबद्दल ठेकेदाराशी बोला. ओल्या गोणपाटानेही स्लॅब ओला राहतो.

घरात शिरणाऱ्या डासांसाठी खिडकीला इंचाला 18 बाय 16 घरांची जाळी पुरते. किनारपट्टीवर चांगल्या स्टीलची किंवा फायबरची घ्या. वेल्क्रोने चिकटवलेली जाळी वर्षभरात सैल होते, कोपरे आधी सुटतात. बाथरूमच्या झडपा आणि एक्झॉस्ट फॅनचं भोक विसरू नका. अल्ट्रासाउंडच्या यंत्रांनी डास पळत नाहीत, निळ्या दिव्याच्या यंत्रात मरतात ते बहुतेक भलतेच कीटक. मच्छर अगरबत्त्या घेताना पाकिटावर सीआयबी (केंद्रीय कीटकनाशक मंडळ) नोंदणी क्रमांक बघा. नोंदणी नसलेल्या काही अगरबत्त्यांत मान्यता नसलेली कीटकनाशकं सापडली आहेत आणि त्या धुरात मुलं रात्रभर झोपतात. त्यापेक्षा पायांवर रोखलेला टेबलफॅन बरा, डासाला त्या वाऱ्यात नीट उडता येत नाही.

घरात कुणाला डेंगीचा ताप असेल तर त्याला तापाचे पहिले पाच-सहा दिवस दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. त्या दिवसांत त्याला चावलेला एडिस साधारण आठ-दहा दिवसांनी घरातल्या इतरांना डेंगी देऊ शकतो. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या भागात औषधी मच्छरदाणी मिळते. ती वारंवार धुऊ नये, धुतली तर साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवावी, उन्हात औषधाचा असर लवकर जातो.