पत्रा फुगत नाही

रविवार, रात्री

काल दादाशी बोलताना होडीचं निघालं. बुडाच्या सांध्यातून अजून पाणी येतंय म्हटल्यावर तो लगेच म्हणाला, "येऊ दे की. दोन दिवस पाण्यात सोड, फुगेल." मग थांबला. "हां, पत्र्याची ना ती. पत्रा फुगत नाही गो." आणि विषय कलमांवर गेला. यंदाचा मोहोर, त्यावरची थ्रिप्स कीड, फवारणीचा खर्च. मी नुसतं हं हं करत राहिले.

त्याच्या त्या थांबण्याने माझं काहीतरी बिनसलंय. बोलला त्यात खोटं काही नाही. पण आवाजात जरा कीव होती, किंवा मला तशी वाटली. आज दिवसभर गॅरेजमध्ये काम करताना तेच डोक्यात.

वैशाखात होडी दुरुस्तीला वर ओढली की उन्हाने फळ्या आखडायच्या, भेगांतून पलीकडचा उजेड दिसायचा. कापूस आणि राळ भरून, वरून काजूच्या टरफलांचं तेल फासून ती परत खाडीत लोटली तरी पहिल्या दिवशी आत पाणी व्हायचंच. अण्णा ढिम्म हलायचे नाहीत. बांधून ठेवायचे आणि घरी येऊन जेवायचे. एक-दोन भरत्या गेल्या की लाकूड फुगायचं, फळी फळीला भिडायची, मग उरलेलं पाणी डब्याने उपसलं की झालं. आपण थोडं करायचं, बाकीचं होडी स्वतः करते, हे आम्ही दोघांनी लहानपणापासून बघितलेलं. दादाच्या तोंडून ते आपसूक आलं. आणि मग त्याला आठवलं की हिच्याकडे तशी होडी नाही.

मला काय हवं होतं त्याच्याकडून? वा म्हणायला हवं होतं का? माहीत नाही. अण्णांची होडी पुढे तिवरांत जशी पडून राहिली, ते आज लिहायचं नाही.

माझी ही अॅल्युमिनियमच्या पत्र्याची, चौदा फुटी. कुणाच्या तरी धान्याच्या कोठारामागे उपडी पडलेली होती, ट्रेलरसकट अडीचशे डॉलरला मिळाली. मागच्या फळीवर कारखान्याचा ओळख क्रमांक नाही. तो नोव्हेंबर १९७२ पासून सक्तीचा झाला, म्हणजे त्याच्या आधीची असणार. शेजारच्या आजोबांनी सांगितलं की दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा लढाऊ विमानं बांधणाऱ्या ग्रुमन कंपनीने त्याच पत्र्याच्या आणि रिव्हेटच्या कसबावर कनू, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होड्या, बनवायला घेतल्या, आणि मग इकडे तळ्यातळ्यांवर पत्र्याच्या होड्या झाल्या. विमानाच्या कामातून होडी निघाली हे अण्णांना सांगायला आवडलं असतं.

सगळं मिळून सहाशेत बसवायचं असं मंदारला कबूल केलंय, आणि मला ते पाळायचं आहे. म्हणून मरीन प्लायची किंमत विचारून तशीच परत आले. मागची फळी, जिच्यावर इंजिन बसतं, ती या होडीतली एकमेव लाकडी वस्तू, आणि नेमकी तीच कुजलेली निघाली. बोल्ट काढले, वरची पट्टी सोडवली, तर आतलं लाकूड भिजलेल्या पेंडेसारखं हातात आलं. दुकानात औषध मारलेलं प्लाय स्वस्त होतं. बरं झालं, आधी वाचलं होतं. त्या औषधात तांबं असतं, आणि ओलाव्यात तांबं अॅल्युमिनियमला खातं. शेवटी बाहेरच्या कामाचं साधं फर प्लाय घेतलं. पाऊण इंची दोन थर चिकटवून दीड इंच केलं. आता सगळ्या कडांना आणि बोल्टच्या भोकांच्या आतून इपॉक्सी लावायचं. एक भोक कोरडं राहिलं तरी पाणी तिथूनच शिरतं.

पण खरा जीव गेला तो रिव्हेटमध्ये. ट्रेलरवरच होडीच्या बुडाखाली ठोकळे लावले आणि नळीने आत चारेक बोटं पाणी सोडलं. त्याहून जास्त नाही, पाण्याचं वजन पत्र्याला झेपत नाही. मग खाली पुठ्ठा टाकून त्यावर उताणी पडून मार्करने खुणा केल्या. पेन्सिल चालत नाही, ग्रॅफाइटने पत्र्याला गंज धरतो. रिव्हेटच्या डोक्याच्या कडेला आधी नुसती ओल दिसते. मग थेंब जमतो, जाड होतो, पण तिथे पडत नाही. पत्र्याला धरून सरकत सरकत कण्यापर्यंत येतो आणि भलत्याच रिव्हेटवरून टपकतो. खाली बघून खूण करावी तर ती खोटी. म्हणून फडक्याने सगळं कोरडं करायचं आणि ओल पहिल्यांदा कुठे उमटते त्यावर डोळा लावून थांबायचं. मान अवघडते. गार पाणी बाहीतून काखेपर्यंत जातं. आज तिथे पडल्यापडल्या मला रडू आलं, खोटं कशाला लिहू. तिकडे असते तर चार जण आले असते, कुणी फळीला हात लावून बघितलं असतं, वर ओढायला हैसा म्हणणारे असते. इथे ही ओल कुणाला दाखवू? आणि एवढं करून शेवटी काय, तर पत्रा फुगत नाही.

मग ईशा आली. तिला आत बसवलं, कानांवर आवाज अडवणारे मफ, हातात लोखंडाचा जड ठोकळा. तिने तो आतून रिव्हेटच्या शेपटावर दाबून धरायचा, मी बाहेरून डोक्यावर हातोडी घालायची. ठोकळा नीट बसला नसला की पत्रा ठण्णकन वाजतो आणि सगळा मार वाया जातो. बसला असला की आवाज बोदा येतो, हातोडी उसळत नाही, शेपूट चेपून पसरतं आणि रिव्हेट पुन्हा आवळतो. दोन-चार ठोक्यांत तिला ते कळलं. नंतर तीच आतून ओरडायला लागली, "आई, नाही बसला, परत!" तिला दिसत काहीच नव्हतं, नुसतं हाताला लागत होतं. जे अगदीच सैल होते ते ड्रिल करून काढले आणि बंद तोंडाचे नवे घातले, सीलंट लावून. साधे पॉप रिव्हेट मधून पोकळ असतात, त्यातून पाणी येतं. दुपारनंतर परत पाणी भरलं. आधी ज्यांना खुणा केल्या होत्या त्यांतले बहुतेक कोरडे. पुढच्या बाजूचे थोडे राहिलेत.

संध्याकाळी हात धुताना वाटलं, नाही फुगत तर नाही फुगत. लाकडाची होडी माणूस जवळ असेल तर जगते. तिला दरसाल तेल लागतं, पाणी लागतं, कुणीतरी रोज किनाऱ्यावरून जाताना नजर टाकावी लागते. मी इथे नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत तिला काय देणार होते? तळं गोठलेलं, अंगणात बर्फ. ही सगळा हिवाळा बर्फात उपडी पडेल आणि वसंतात जशीच्या तशी असेल. पन्नासहून जास्त वर्षं कुणी ढुंकून न बघता टिकलीच आहे. आपणहून ती काही भरून काढणार नाही, एकेक ओल मलाच शोधावी लागेल. पण शोधून बुजवलेली ओल बुजलेली राहते. दादा म्हणाला ते खरंच आहे, आणि मला त्याचं एवढं लागायला नको होतं. कीव होती की त्यालाही ते दिवस आठवले, कुणास ठाऊक. तोही त्या होडीत माझ्याइतकाच बसलाय, माझ्याहून जास्तच.

वल्ह्यांचं त्यालाच विचारते. चौदा फुटीला किती लांबीची घ्यावीत, हे इथल्या तक्त्यांपेक्षा त्याला जास्त कळतं.

बाकी राहिलं ते असं. बाकांखालचा जुना फोम पाणी पिऊन जड झालाय, तो काढून नवा भरायचा. त्याला पर्याय नाही, होडी बुडाली तर तोच तिला वर धरतो. नावावर करून नंबर घ्यायचा. मागचं, आतलं पाणी सोडायचं बूच नवं हवं. इथे होडी ट्रेलरवर नेताना बूच काढूनच न्यावं लागतं, म्हणजे एका तळ्यातले झेब्रा शिंपले दुसऱ्यात जात नाहीत. वॉलआय माशाचा हंगाम मेच्या मध्यावर उघडतो. तोपर्यंत होईल असं वाटतं. रंगाचं नंतर बघू, पैसे उरले तर.

उद्या पारा साठ फॅरनहाइटपर्यंत चढेल म्हणतात. इपॉक्सीला पन्नासच्या वर लागतं, म्हणजे आपले दहा सेल्सिअस. कामावर जाण्याआधी प्लायला पहिला हात आणि संध्याकाळी दुसरा. मंदारची गाडी आणखी आठवडाभर बाहेरच राहील, त्याला सांगितलंय.