स्टँडबायचा दिवा लागतो, पण मशीन उठत नाही: तिसऱ्या बिल्डची नोंद

शनिवार रात्र. सुटे भाग आणून घरी कॉम्प्युटर जोडायची ही माझी तिसरी वेळ. सगळं जोडून झालं. एसएमपीएसचा (पॉवर सप्लायच्या डब्याचा) मागचा स्विच टाकला, तसा मदरबोर्डच्या कोपऱ्यातला बारीक दिवा लागला. कॅबिनेटचं बटण दाबलं. काहीच नाही. परत दाबलं, दाबून धरलं, तरी पंखे जागचे हलेनात. साडेअकरा वाजून गेले होते. वायर काढली, झाकण उघडंच ठेवलं आणि आडवी झाले. झोप कितपत लागली असेल हे बिल्ड करणाऱ्याला सांगायला नको.

आधी सामान सांगते. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, त्याच्या एएम५ सॉकेटचा पूर्ण एटीएक्स मापाचा मदरबोर्ड, डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या दोन काड्या, ६५० वॅटचा एसएमपीएस. हे सगळं नवं. कॅबिनेट मात्र जुनंच. जाड पत्र्याचं आहे, दारं घट्ट बसतात, आजकाल त्या किमतीत असलं मिळत नाही, म्हणून ते टाकवत नाही. इतकी वर्षं त्यात मायक्रो-एटीएक्स, म्हणजे लहान मापाचा बोर्ड होता. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

रविवार सकाळ. नेहमीच्या गोष्टी भराभर पाहून घेतल्या. २४ पिनांचा जॅक खिट्टी वाजेपर्यंत बसलेला, प्रोसेसरचा ८ पिनांचा जॅकही जागेवर. (ग्राफिक्स कार्डचाही ८ पिनांचा असतो, पण तो ६ अधिक २ असा तुटतो आणि प्रोसेसरचा ४ अधिक ४. दोन्हींची घडण वेगळी आहे, जोर लावून एकाच्या जागी दुसरा घालू नका.) रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. समोरच्या बटणाची वायर बोर्डावरच्या बटण-दिव्यांच्या पट्टीत ६ आणि ८ नंबरच्या पिनांवर. बटणावरच शंका नको म्हणून ती वायर काढून मल्टीमीटर कंटिन्युटीवर लावला: दाबलं की बीप, सोडलं की शांत. बटण चांगलं. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना क्षणभर जोडून पाहिल्या. तरीही काही नाही.

या खटपटीत पत्र्याला हात लागला की बोटांना झिणझिण्या येत होत्या. एसएमपीएसच्या आत फेजकडून आणि न्यूट्रलकडून बॉडीला एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. अर्थिंग तुटलेलं असेल तर त्या दोघांच्या मधोमध पत्रा लटकतो आणि २३० च्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज दाखवतो. करंट अगदी थोडा असतो, पण ही स्थिती चालवून घेण्यासारखी नाही. आमच्या एक्स्टेंशन बोर्डातली हिरवी वायर आतून सुटली होती. ती स्क्रूखाली नीट दाबली, झिणझिण्या थांबल्या. मला वाटलं दुखणं सापडलं. मशीन उठलं नाहीच.

दुपारी मामांना फोन केला. ते सातपूरला एमआयडीसीत पॅनल वायरिंगचं काम करतात, कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध नाही. मी म्हटलं, "मामा, बोर्डाला सप्लाय पोचतोय, दिवा लागतोय, पण एसएमपीएस सुरूच होत नाही. गेला असणार." ते म्हणाले, "अगं, सुरू होत नाही का सुरू होऊन ट्रिप होतोय? एमसीबी ट्रिप झाली की दांडी पूर्ण खाली ओढल्याशिवाय वर बसत नाही. तुझ्या डब्याचं तसं काही आहे का बघ."

फोन ठेवला आणि मी पहिल्यांदाच नीट विचार केला. बोर्डावरचा दिवा लागतो तो ५ व्होल्ट स्टँडबायवर, २४ पिनांतल्या ९ नंबरच्या पिनेवर. ही लाइन मागचा स्विच चालू असेपर्यंत कायम जिवंत असते. १२, ५ आणि ३.३ च्या मोठ्या लाइनी मात्र बोर्डाने १६ नंबरची पिन ग्राउंडला जोडली की मगच सुरू होतात. जुन्या एसएमपीएसमध्ये ही वायर हिरवी असायची. आता बऱ्याचदा सगळ्याच काळ्या येतात, त्यामुळे पिना मोजाव्या लागतात. मोठ्या लाइनींपैकी एखादी शॉर्ट असेल, तर एसएमपीएस स्वतःला वाचवायला सगळं बंद करतो आणि बंदच धरून ठेवतो. त्यानंतर बटण कितीही दाबा, माझा तरी जागचा हलत नव्हता. म्हणजे रात्री मी दहा वेळा दाबलं, त्यातलं पहिलं दाबणंच काय ते खरं होतं, आणि तेव्हा माझी नजर पंख्याकडे नव्हती.

मागचा स्विच बंद केला, मिनिटभर थांबले, चालू केला. नववीतला भाचा आला होता, त्याला मोबाईल स्लो-मोशनवर लावून मागच्या पंख्यासमोर बसवलं आणि बटण दाबलं.

"मावशी, हलला गं!"

क्लिप तीनदा पाहिली. पातं पाव फेरा सरकतं, किंचित थरथरतं आणि थांबतं. उघड्या डोळ्यांना ते दिसणं कठीण होतं. पण त्या पाव फेऱ्याने एक गोष्ट पक्की केली: बटण, बोर्ड आणि १६ नंबरची पिन आपापलं काम करताहेत, आणि पुढे कुठेतरी शॉर्ट आहे.

आता प्रश्न, शॉर्ट एसएमपीएसच्या आत की बाहेर. त्याचे सगळे जॅक बोर्डावरून काढले, स्विच बंद ठेवून १६ आणि १७ नंबरच्या पिना पेपरक्लिपने जोडल्या (१७ म्हणजे ग्राउंड), भार म्हणून जुनी हार्ड डिस्क लावली आणि मग स्विच टाकला. डिस्क घुर्र करून फिरायला लागली. एसएमपीएसचा स्वतःचा पंखा फिरला नाही, पण माझ्या मॉडेलचा कमी भारावर फिरतच नाही, त्यामुळे त्याच्यावरून काही ठरवू नये. मीटरवर १२.०८, ५.०३ आणि ३.३२. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, त्या हिशेबाने उत्तम. रिटर्न करायचा म्हणून मी त्याचा खोका काढूनसुद्धा ठेवला होता.

मग जे रविवारी सकाळीच करायला हवं होतं ते केलं. सप्लाय पूर्ण काढून, बोर्डाच्या २४ पिनांच्या सॉकेटात १० नंबरची पिन, म्हणजे १२ व्होल्ट, आणि कॅबिनेटचा पत्रा यांच्यात रेझिस्टन्स मोजला. ०.४ ओहम. मीटरच्या दोन दांड्या एकमेकींना लावल्या तरी ०.३ येतो. म्हणजे १२ व्होल्टची लाइन सरळ पत्र्याला चिकटलेली. बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच खोक्यावर ठेवला आणि पुन्हा मोजलं: आकडा हळूहळू चढत किलोओहममध्ये गेला. कपॅसिटर भरताना असाच चढतो. बोर्ड निर्दोष होता.

टॉर्च घेऊन रिकाम्या ट्रेकडे पाहिलं. मायक्रो-एटीएक्स २४४ मिलिमीटर उंच, एटीएक्स ३०५. लहान बोर्डाची खालची भोकांची ओळ मोठ्या बोर्डाच्या मधल्या आणि खालच्या ओळींच्या दरम्यान पडते आणि मोठ्या बोर्डाला तिथे भोकं नसतात. त्या ओळीतले पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे छोटे खांब) मी आठवणीने काढले होते. पण एक काळा होता, काळ्या ट्रेवर, केबलच्या भोकाच्या सावलीत. बोटाने चाचपल्यावर लागला. बोर्ड उलटा केला तर बरोबर त्याच जागी, स्लॉटच्या सोल्डरच्या दोन टोकांवर चकचकीत चपटा डाग. टोकं वाकली नव्हती. ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून जागा साफ केली, भिंगातून पाहिलं, शेजारच्या टोकाशी कुठे पूल झालेला नाही ना याची खात्री केली.

रविवारी रात्री बोर्ड खोक्यावरच ठेवून एकच काडी लावली, एचडीएमआय बोर्डालाच जोडली (७६०० मध्ये डिस्प्ले आहे), स्क्रू-ड्रायव्हरने ६ आणि ८ जोडल्या. कूलर फिरला आणि फिरत राहिला. पडदा मात्र काळा, आणि बोर्डावरचा डीरॅमचा, म्हणजे रॅमचा, दिवा पेटलेला. इथे घाबरून बंद करू नका. एएम५ वर पहिल्यांदा चालू करताना मेमरी ट्रेनिंग (बोर्डाचं रॅमशी जुळवून घेणं) होतं आणि त्याला काही मिनिटं लागतात. भाचा घड्याळ धरून बसला होता: चार मिनिटं वीस सेकंद. मग बायोस, म्हणजे बोर्डाचा सेटिंगचा पडदा, आलं.

सोमवारी ऑफिसहून आल्यावर कॅबिनेटमध्ये परत बसवलं. या वेळी ट्रेवर बोर्ड ठेवण्याआधी स्टँडऑफ मोजले, बोर्डाची भोकं मोजली, नऊला नऊ. स्क्रू पिळल्यावर, जॅक लावण्याआधी, १० नंबरची पिन ते पत्रा पुन्हा मोजलं. किलोओहम. दुसरी काडी घातली, ट्रेनिंग परत झालं, ३२ जीबी दिसली.

सध्या मेमरी ४८०० वर आहे, एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवण्याचं सेटिंग) अजून लावलेलं नाही. ग्राफिक्स कार्ड जुन्या मशीनमधून येत्या शनिवारी काढेन, केबल बांधणीही तेव्हाच. काळा स्टँडऑफ जुन्या बोर्डाच्या खोक्यात टाकलाय, त्याच्या ओळीतल्या बाकीच्यांबरोबर.