तुम्ही विचारलंत म्हणून: कोलंबाईन गोव्यात फुलेल का?

फोंड्यातील आमच्या घरी वसरीच्या भिंतीवर एका पांढऱ्या रानफुलाचे छायाचित्र आहे. चवथीला माटोळी पाहायला येणारी मंडळी चहाला टेकली की त्यांची नजर तिकडे जाते आणि प्रश्न ठरलेला असतो: हे इथे लावता येईल का, आणि येत असेल तर बी मिळेल का? यंदा तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लावता येईल, फुलणार नाही.

छायाचित्रातले फूल सुगंधी कोलंबाईनचे, शास्त्रीय नाव ॲक्विलेजिया फ्रॅग्रन्स. काश्मीर आणि लगतच्या पश्चिम हिमालयात साधारण २,४०० ते ३,६०० मीटर उंचीवरील कुरणांत व खडकाळ उतारांवर ते उन्हाळ्यात फुलते. मला ते सोनमर्गच्या वर एका ओढ्याकाठी भेटले. बाहेरची पाच दले पाकळ्यांसारखीच, आत पाच खऱ्या पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळी मागे निमुळती होत जाऊन तिची पोकळ नळी झालेली. मधुरस तिच्या अगदी टोकाशी असतो. या नळीला वनस्पतिशास्त्रात शुंडिका म्हणतात. तशी एक नळी आपल्या अंगणातल्या तेरड्यालाही असते, त्यामुळे पाहुण्यांना समजावताना मी तेरड्याचेच फूल उलटे करून दाखवतो. मात्र हे साम्य म्हणजे नाते नव्हे. कोलंबाईनची खरी भावकी आपल्या घाटातल्या मोरवेलीशी आहे.

आता लावण्याविषयी. हिमालयातले बी मी आणले नव्हते, म्हणून युरोपीय बागेतल्या जातीचे बी एका थंड हवेच्या ठिकाणच्या रोपवाटिकेतून मिळवले. बी काळे, चकचकीत, मोहरीहूनही बारीक. थंडीचा काळ काढल्याशिवाय ते नीट रुजत नाही, म्हणून ओल्या वाळूत कालवून त्याची डबी सहा आठवडे फ्रिजमध्ये आगळाच्या बाटलीशेजारी ठेवली. ही वाळू कशाची म्हणून पत्नीने ती दोनदा टाकायला काढली होती. नोव्हेंबरात पेरल्यावर कोथिंबिरीसारखी नाजूक पाने आली, मे महिनाही रोपांनी कसाबसा काढला, पण जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मुळे कुजली. दुसऱ्या खेपेला कुंडीत निम्मी खडी घातली आणि ती पत्र्याखाली ठेवली. त्यातले एकच रोप पावसाळा पार करून पुढच्या मार्चपर्यंत टिकले, पण त्याला पानांपलीकडे काही आले नाही.

कारण रोपालाही थंडी लागते. काही आठवडे कडक गारठ्यात काढल्यावरच ते कळी धरायच्या मार्गाला लागते, आणि डोंगरावर हे काम हिवाळा करतो. आपल्याकडे ऐन थंडीत पहाटेचा पारा विसाच्या आसपास घुटमळतो. सत्तरीत उंचावर लावून पाहा, असेही कोणी सुचवतात. पण सोंसोगड हे गोव्यातले सर्वांत उंच शिखरही १,२०० मीटर भरत नाही.

तिथूनच एखादे झाड उपटून का आणले नाही, असे माझ्या भाचीने विचारले होते. कोलंबाईनचे सोटमूळ खोल जाते आणि खणताना हमखास दुखावते, हे एक कारण. दुसरे असे, की अमेरिकेतील कोलोरॅडोचे निळे कोलंबाईन १८९९ पासून त्या राज्याचे फूल आहे, आणि सरकारी जमिनीवरून ते उपटायला तिथे १९२५ मध्ये कायद्याने बंदी घालावी लागली. अशी पाळी का आली असेल, ते सोनमर्गच्या त्या ओढ्याकाठी माझ्या स्वतःच्याच हाताला सुटलेल्या खाजेवरून मला कळले.

बी हवेच असेल तर तेरड्याचे आहे. पिकलेल्या बोंडाला हात लागताच ते फुटून बी उडते, तेव्हा येताना कागदाची पिशवी घेऊन या.